वाकड्या रेघांचे चोवीस ठोकळे

सरदारबी : आधी त्या चादरी बाजूला सरकव आन् खाटेवर बस. उभ्यानं भांडलं की घसा लवकर सुकतो.

महेश्वरी : भांडायला नाही आले मी, चाची. विचारायला आले. कागद बदलला होता का तुम्ही?

सरदारबी : तिसऱ्यांदा इचारायलीस. तू दिलेला कागद, तुज्याच कॉलेजात छापलेला. मी कशाला बदलू?

महेश्वरी : मग खळ पातळ झाली असेल.

सरदारबी : माजी खळ? तुज्या चनमल्लप्पा काकाच्या दुकानाची मिठाईची खोकी एकतीस वर्सं झाली मी करायलीय. एक खोकं बुडातनं सुटलं आन् पेढे रस्त्यावर सांडले, असं कदी झालंय का? लाव त्येंना फोन. माज्यासमोर लाव.

महेश्वरी : काकांचा काय संबंध ह्यात? आणि हे काय, मे महिन्यात खाटेवर सहा-सहा चादरी? बाहेर बेचाळीसच्या वर गेलंय.

सरदारबी : ट्रंकेत जागा न्हाय.

महेश्वरी : एवढं काय भरलंय ट्रंकेत?

सरदारबी : अडगळ. सरबत घेतीस का चहा?

महेश्वरी : काही नको. माझं डोकं फिरलंय, चाची, खरंच फिरलंय. शुक्रवारी कॉलेजच्या मशीनवर तुमचे चोवीस ठोकळे दाबले. त्यातले एकवीस एका दणक्यात चपटे झाले.

सरदारबी : दाबल्यावर चपटे न्हाय व्हणार तर काय फुगणार? कागद हाय तो.

महेश्वरी : हळूहळू व्हायला पाहिजेत. तेच तर माझं संशोधन आहे. सगळं सांगितलं होतं की तुम्हाला, ह्याच खाटेवर बसून.

सरदारबी : सांगितलं हुतंस. मंजुनाथचे दात.

महेश्वरी : हो, मंजुनाथचे दात. माझा सख्खा भाऊ होटगीहून बसनं येत होता, ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर तोंड आपटून त्याचे चार दात गेले. त्या दांड्याला बांधायची कागदाची उशी करायचीय मला. स्वस्त, कुणीही बांधू शकेल अशी. तोंड आपटलं की तिनं एकेक घडी देत दमानं बसायचं. ती एकदम बसली तर तिच्या मागं दांडा आहे तो आहेच.

सरदारबी : व्हय की. म्हणून तर जीव लावून केले ते ठोकळे. घरचं काम समजून.

महेश्वरी : आणि उद्या अकरा वाजता माझे गाइड, सोमशेखर सर, माझा विषय बंद करणार आहेत.

सरदारबी : बंद म्हंजी?

महेश्वरी : म्हणजे तीन वर्षं पाण्यात. मला म्हणाले, 'तुझी उशी कॉम्प्युटरवर छान चालते गं, पण हातानं केली की मोडते. आपण दुसरा विषय घेऊ.' तेही इतक्या शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं.

सरदारबी : म्हणून आता रविवारचं येऊन माज्यावर वरडायलीस.

महेश्वरी : मी ओरडत नाहीये. कात्री द्या.

सरदारबी : कशाला?

महेश्वरी : एक ठोकळा फाडून बघते. सगळे पिशवीत आणलेत. दोन दिवस मी आकडेच तपासत बसले, पुन्हा पुन्हा तेच आकडे. ठोकळ्याच्या आत डोकवावं हे मला सुचलंच नाही. वरून-खालून पुठ्ठा चिकटवलेला, आतलं दिसतंय कुठं.

सरदारबी : फाड, फाड. आत बघ कशा घड्या हायत. सुरीनं कापल्यावानी.

महेश्वरी : चाची.

सरदारबी : काय?

महेश्वरी : ही पेन्सिलची रेघ कुणी मारली?

सरदारबी : मी.

महेश्वरी : का?

सरदारबी : तुज्या मशीननं रेघ वाकडी छापली हुती. बोटभर सरळ जायची आन् मग कलंडायची, पुन्यांदा बोटभर जायची, पुन्यांदा कलंडायची. समद्या कागदांवर तेच. मी पट्टी ठेवून सरळ केली आन् मग घडी घातली.

महेश्वरी : सरळ केली.

सरदारबी : मग काय तर. पोरगी शिकायलीय, तिची चूक तिला दाखवून कशाला लाजवायची म्हटलं. छापखान्यातनं पुठ्ठा वाकडा छापून आला की आमी आमच्या आमी सरळ करून घेतो, गिऱ्हाइकाला कळूबी देत न्हाय. आमच्या कामात कसब हाय ते येवढंच. घडी काय, कुणीबी घालंल.

महेश्वरी : पण सगळ्या कागदांवर एकसारखी, एकाच जागी चूक होईल का, चाची? एकदा तरी विचारायचं होतं.

सरदारबी : तू फोन उचलीत नव्हतीस. पुण्याला हुतीस.

महेश्वरी : हो, पुण्याला होते. तिथं साठ माणसांसमोर उभी राहून सांगत होते, की माझ्या घड्या जागोजागी तिरक्या आहेत म्हणूनच ही उशी चालणार आहे. आणि इकडं तुम्ही पट्टी घेऊन बसला होता.

सरदारबी : तिरक्या हायत म्हणून चालणार? आता तू मला येड्यात काढायलीस.

महेश्वरी : बरं, ऐका. हा तुमचा स्टीलचा चमचा. वरून गुळगुळीत आहे की नाही? पण भिंगाखाली बघितला तर आत बारीक बारीक तुकडे असतात, खडीसाखरेच्या खड्यांसारखे, एकमेकांना घट्ट चिकटलेले. प्रत्येक तुकड्यात कण रांगेत उभे असतात. पण ह्या तुकड्यातली रांग एका दिशेनं, शेजारच्या तुकड्यातली जरा तिरकी. चमच्याला तडा गेला तर तो एका तुकड्यात सरळ पळतो आणि पुढच्या तुकड्याच्या हद्दीवर अडतो. कारण पुढची रांग त्याच्या वाटेनं जात नाही.

सरदारबी : हं.

महेश्वरी : आमच्या होटगीच्या शेतात बघा. सऱ्या सरळ असल्या की पाणी सुटल्याबरोबर थेट शेवटाला जातं. मधेच एका तुकड्यात सऱ्या तिरक्या काढल्या की ते तिथं थांबतं, वळतं, मग पुढं जातं. मला दणका असा अडवायचा होता. म्हणून एका कागदावर सहा तुकडे पाडले आणि शेजारच्या तुकड्यांतल्या घड्यांत सात अंशांचा फरक ठेवला. कुठला तुकडा कुठं, कुठल्या अंगाला तिरका, हे ठरवायला कॉम्प्युटरनं चार महिने खाल्ले. अकरा हजार आराखडे करून बघितले त्यानं. अकरा हजार, चाची. त्यातला सगळ्यात चांगला एक निवडून मी तुमच्या हातात दिला.

सरदारबी : आन् मी तो सरळ केला.

महेश्वरी : आणि तुम्ही तो सरळ केला.

सरदारबी : या अल्ला. मग एक ओळ लिहायची हुती की बाई. 'रेघ हाय तशी ठेवा' म्हणून.

महेश्वरी : लिहिली होती. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात. इंग्रजीत.

सरदारबी : इंग्रजीत. माज्यासाठी.

महेश्वरी : चुकलं माझं.

सरदारबी : तुजंबी चुकलं, माजंबी चुकलं. आता सरबत घे आन् गप बस जरा.

महेश्वरी : थांबा. गप बसता येत नाही, अजून एक आहे. एकवीस चपटे झाले म्हटलं ना? तीन नाही झाले.

सरदारबी : कुठले तीन?

महेश्वरी : सात, पंधरा आणि बावीस नंबरचे. कॉम्प्युटरनं सांगितलं होतं अगदी तसेच, एकेक घडी देत बसले. सर म्हणाले, चोवीसात तीन म्हणजे योगायोग, सोडून दे. हा बघा, हा पंधरा नंबर. अर्धा उघडलाय मी. ह्यात पेन्सिल नाही. प्रत्येक घडी छापलेल्या रेघेवर. हा कुणी केला?

सरदारबी : मीच केला असंल.

महेश्वरी : तुम्ही आत्ताच म्हणालात, समद्या रेघा सरळ केल्या.

सरदारबी : एखादा राहिला असंल घाईत. वय झालं माजं.

महेश्वरी : आणि हे कोपरे? पुठ्ठ्याचे कोपरे आत दुमडून चिकटवलेत, जुन्या जाड वहीला असतात तसे. बाकीच्या एकवीसात असं कुठंच नाही. मिठाईच्या खोक्याला कुणी असे कोपरे घालत नाही. चाची, गौस चाचा बाइंडर होते ना?

सरदारबी : हळू बोल.

महेश्वरी : का? घरात आहेत?

सरदारबी : दुपारच्या, जोहरच्या नमाजाला गेलेत. काठी टेकत जात्यात, यायला तास लागतो. पण तू हळू बोल.

महेश्वरी : पण त्यांचा तर उजवा हात गेला होता ना, लकव्यात?

सरदारबी : चौदा म्हैने झाले. हात हाय, नुस्ता थरथरतो. आख्ख्या सोलापुरातल्या वकिलांची जाडजूड पुस्तकं बांधायचा माणूस, दोन म्हैने भिंतीकडं तोंड करून पडला. जेवायचं न्हाय, बोलायचं न्हाय. दाढी करायला न्हावी आला तर त्येला हाकलून दिला. मग एक दिवस मी म्हटलं, मला एकटीला आटपंना झालंय, चार खोकी तुमी करा. तर उठून बसले. डाव्या हातानं करत्यात. रोज पाच-सहा.

महेश्वरी : मग चांगलंच झालं की.

सरदारबी : चांगलं कसलं. वाकडी होत्यात गं. झाकण बसत न्हाय, बूड डुगडुगतं. पहिल्या आठवड्यातली तुज्या काकाच्या दुकानातनं परत आली. तवापासून ते नमाजाला गेले की मी त्यांची खोकी उचलती आन् त्या जागी माजी ठेवती. मोजून तेवढीच. त्यांना वाटतंय, त्यांची खोकी दुकानात जात्यात.

महेश्वरी : रोज?

सरदारबी : रोज. आपल्याच घरात चोरी केल्यावानी वाटतं मला. आपल्याच माणसाची चोरी. पण करती.

महेश्वरी : म्हणजे माझ्या ठोकळ्यांचंही तेच केलंत.

सरदारबी : बारा त्यांनी केले, बारा मी. आत उघडून कोण बघतंय, मला वाटलं ह्यांचे वाकडेच असणार. तुजी परीक्षा, त्यात हे नक्को. तू जादा कागद दिले हुतेस, त्याच्यातनं मी नवे केले. नऊ बदलून झाले हुते, तेवढ्यात तुमच्या कॉलेजचा निंगप्पा शिपाई रिक्षा घेऊन आला आन् समदं उचलून गेला. ते तीन तसेच गेले.

महेश्वरी : तुम्हाला कळतंय का, चाची, काय झालंय? चाचांचे बाराच्या बारा बरोबर असणार. तुम्ही बरोबर काढून चूक ठेवलंत.

सरदारबी : कळतंय. शिकलेली नसले तरी येवढं कळतंय.

महेश्वरी : ते नऊ कुठं आहेत?

सरदारबी : टाकले.

महेश्वरी : कुठं?

सरदारबी : घंटागाडीत. आता काय, जाऊन धुंडणारेस का?

महेश्वरी : मग चाचांना येऊ द्या. त्यांनाच सांगते काय ते.

सरदारबी : तू त्यांना कायबी सांगायचं न्हाय. तीन चांगले निघाले म्हणशील, तर ते इचारतील बाकीचे कुटं गेले. तितनं मिठाईच्या खोक्यांवर येतील. बाइंडर माणूस हाय, हिशेब धरला की सोडत न्हाय. परत भिंतीकडं तोंड करतील आन् या वेळेला उठायचे न्हाईत. तुजं संशोधन तू बघ. माजा माणूस मला बघू दे.

महेश्वरी : आणि माझी तीन वर्षं?

सरदारबी : तू शिकलेली हायस. तुला दुसरा विषय मिळंल.

महेश्वरी : सर अगदी हेच म्हणाले. हेच शब्द. सगळ्यांना माझ्यासाठी दुसरा विषय बरा सापडतो.

गौस : कोण, महेश्वरी का? तुजा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येतोय.

(गौस दारात काठी टेकवून चपला काढतात. एक चप्पल निघते, दुसरी निघता निघत नाही. सरदारबीला उठून काढून द्यावीशी वाटते, पण दिली की ते दिवसभर बोलत नाहीत हे तिला पाठ झालेलं आहे. ती नुसती महेश्वरीकडं बघते, आणि त्या बघण्यात एवढी विनवणी आहे की महेश्वरीला तिचा रागही येतो आणि दयाही. चप्पल निघते. गौस येऊन खाटेवर बसतात.)

महेश्वरी : सलाम, चाचा. तब्येत कशी आहे?

गौस : हाय ती हाय. तुजे ठोकळे दाबले का मशीनवर? निंगप्पाला दोनदा इचारलं, तो नुस्ता हसतो.

सरदारबी : दाबले, दाबले. चांगले झाले. सरबत करती मी.

महेश्वरी : नाही, चाची. चांगलं नाही झालं. चाचा, एकवीस ठोकळे मोडले. मी ज्यासाठी केले होते ते त्यांना जमलं नाही. तीन मात्र जमले, आणि ते तिन्ही तुमच्या हातचे आहेत. कोपऱ्यांवरून ओळखलं मी.

गौस : माज्या हातचे?

महेश्वरी : हो.

गौस : आजारी माणूस म्हणून म्हणायलीस का?

महेश्वरी : चाचा, आज सकाळपासून मी इतकी वैतागलेय की कुणाला बरं वाटावं म्हणून बोलायची ताकदच नाही राहिली. हा कोनमापक घ्या. तुम्हीच मोजा.

गौस : आण. धर हितं, माजा हात हलतो. सात. सात. हे बी सात. हितं साडेसात हाय.

महेश्वरी : अर्धा अंश चालतो.

गौस : चालतो म्हणू नको. माजी पट्टी सरकली असंल.

महेश्वरी : रेघ वाकडी छापलीय असं तुम्हाला नाही वाटलं?

गौस : वाटलं की. पण सरळ करायला हात पायजे. डाव्या हाताचा मला भरवसा न्हाय. म्हणून पट्टीवर वजन ठेवायचो आन् रेघ जाईल तिकडं जायचो. तुज्या चाचीचा हात तयार हाय, तो रेघेचं कशाला ऐकंल? मिठाईच्या खोक्याला रेघच नसते, समदं अंदाजानं. तितं मला लई जड जातं. ह्या कागदाला रेघ हुती. बरं वाटलं.

सरदारबी : तुमी कदी सांगितलं न्हाई, खोक्याचं जड जातं म्हणून.

गौस : तू कदी इचारलं न्हाईस. पण महेश्वरी, तीनच कसे?

महेश्वरी : म्हणजे?

गौस : मी बारा केले हुते.

सरदारबी : बाकीचे बिघडले असतील. हवेनं. दमट हवेनं कागद मऊ पडतो.

गौस : मे म्हैन्यात? सोलापुरात? दमट हवा?

सरदारबी : मला काय म्हाईत. मी काय मशीनवर हुते?

गौस : बरं. ऱ्हाऊ दे. महेश्वरी, तुला आता किती लागत्यात?

महेश्वरी : आठ. सर म्हणाले, एकाच हातचे, एकसारखे चालणारे आठ ठोकळे दाखव, मग तो योगायोग नाही असं मी मानतो. पण उद्या अकराच्या आत. त्यानंतर मशीन महिनाभर दुरुस्तीला जातंय आणि सर सही करून मोकळे होतायत.

गौस : कागद?

महेश्वरी : चार उरलेत. आज रविवार, छापायचं मशीन कुलपात. हे तीन तर दाबून संपले, पुन्हा वापरता येत नाहीत.

गौस : मला एका ठोकळ्याला सव्वा तास लागतो. चार करतो. मगरिबपर्यंत, दिवस मावळायला व्हतील.

महेश्वरी : चारनं भागत नाही, चाचा. सरांना मी ओळखते. सात नेले तरी ते आठवा विचारतील. नको, तुम्ही त्रास घेऊ नका. एवढं कळलं ते पुष्कळ झालं. उशी चालते, कॉम्प्युटर चुकला नव्हता, मी वेडी नव्हते. हे मला कळलं. दुसऱ्या कुणाला कळणार नाही, एवढंच.

गौस : रडायलीस का?

महेश्वरी : नाही. हो. रागानं येतंय रडू. मंजुनाथनं मला काल विचारलं, ताई, बसमध्ये कधी बसणार गं तुझी उशी? त्याला काय सांगू, की कागद होता, आराखडा होता, करणारा माणूसही होता, तरी नाही झालं? पिशवी द्या चाची, निघते मी.

सरदारबी : बस.

महेश्वरी : आता बसून काय करू?

सरदारबी : बस म्हणती ना. अवो, उठा जरा.

गौस : कशाला? आत्ता तर टेकलो.

सरदारबी : उठा. त्या खुर्चीवर बसा. महेश्वरी, खाटेखालची ट्रंक ओढ. जड वाटंल, पण आत कागदच हाय.

महेश्वरी : चाची, नक्की?

सरदारबी : ओढ. माजं मन फिरायच्या आत ओढ.

महेश्वरी : हे तर… कोपरे आत दुमडलेत. चाची, हे घंटागाडीत टाकले म्हणालात तुम्ही.

सरदारबी : दोनदा दारापर्यंत घेऊन गेली. टाकवंना.

गौस : किती हायत?

महेश्वरी : नऊ.

गौस : नऊ आन् तीन, बारा.

सरदारबी : तुमचेच. निंगप्पा यायच्या आधी मी काढून ठेवले आन् त्या जागी माजे घातले. तुमचे वाकडे असणार असं वाटलं मला. माजी अक्कल.

गौस : आन् त्येच्या खाली? ते गुलाबी काय दिसतंय?

महेश्वरी : चाचा, मी हे नऊ घेते आणि निघते. तुम्ही दोघं…

गौस : थांब. सरदारबी, खाली काय हाय?

सरदारबी : खोकी.

गौस : कुठली?

सरदारबी : तुमची. मिठाईची.

गौस : कुठल्या दिवसाची?

सरदारबी : समद्या. एकबी दुकानात ऱ्हायलं न्हाय. चपटी करून दाबून बसवलीत. आता ट्रंकेचं झाकण लागत न्हाय.

गौस : समदी.

सरदारबी : पहिल्या आठवड्यातली परत आली हुती. तुमाला सांगायचा धीर झाला न्हाय. मग रोजचंच झालं.

गौस : रोज मशिदीतनं येताना मी मनात धरायचो. आज पाच गेली. आज सहा गेली. ईदच्या आधी एक दिवस नऊ केली हुती.

सरदारबी : तीबी हायत. वरच हायत.

गौस : वाईट वाटलं मला.

सरदारबी : वाटंल की. शिव्या द्या, मी ऐकून घेती. पण भिंतीकडं तोंड करू नका. तेवढं नक्को.

गौस : शिव्या कशाला देऊ. माज्या दुकानात कुणी वाकडं पुस्तक बांधलं असतं तर मीबी परत उसवलं असतं. वकिलाच्या हातात दिलं नसतं. पण मी ते ठेवलं नसतं. तू कशापायी ठेवलीस?

सरदारबी : सांगितलं की. टाकवंना.

गौस : महेश्वरी, डोळे पूस आन् हे नऊ घेऊन जा. ते चार कागद हितं ठेव.

महेश्वरी : आठच लागतात, चाचा. नऊ आहेत.

गौस : ठेवून जा. मशीनवर एखादा सरकला तर? मगरिबपर्यंत तीन मी करतो, एक तुजी चाची करंल.

सरदारबी : मी? सराला तर एकाच हातचे पायजेत.

गौस : तुजा त्येला दाखवायचाच न्हाय. डाव्या हातानं कर. उजवा पदराखाली ठेव. रेघ कलंडली की तूबी कलंड.

सरदारबी : मला जमंल का ते?

गौस : जमंल. पहिले दोन म्हैने लई राग येतो.

महेश्वरी : चाचा, उद्या सर विचारतील, हे कुणी केले. काय सांगू?

गौस : सांग, बाइंडरनं.

महेश्वरी : बरं. येते मी. चाची, येते.

सरदारबी : सावकाश जा. पिशवी उन्हात ठेवू नको. आन् पुढच्या खेपेला मराठीत लिही.

गौस : ती खोकी बी बाजूला काढ. उद्यापासून कोऱ्या पुठ्ठ्यावर मला रेघ मारून देत जा. सरळ रेघ मारायची तुला लई हौस हाय, ती तरी कामी येईल.

सरदारबी : देती. टोकदार पेन्सिलनं देती. पण येवढी खोकी काढून ठेवू कुटं?

गौस : ठेव कुटंबी. आधी त्या चादरी ट्रंकेत घाल. मे म्हैना हाय, माणसानं बसायचं कुटं?